पाहुणा जेवेपर्यंत

त्याने जेवण सोडलंय हे तिला कळलं ते त्याच्या मनगटावरून. घड्याळ सैल झालं होतं. तिची उशी सारखी करायला त्याने हात वर केला की ते घसरत कोपराकडे जाई, हात खाली आला की पंजावर येऊन बसे. आचाऱ्याचं मनगट होतं ते, भाताचं भलंमोठं पातेलं एकट्याने उतरवणारं. घड्याळाचा पट्टा त्याच्यावर नेहमी शेवटच्या भोकात असायचा आणि तरी रुतायचा.

"पट्टा बदललास का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मनगट बदललंस."

तो हसला आणि पाणी आणतो म्हणून उठला. पाणी कुणासाठी, हे तिने विचारलं नाही. तिच्या खाटेच्या उशाशी दोरीने पाटी टांगली होती: तोंडावाटे काहीही देऊ नये.

तिच्या घशाचे स्नायू कामाला कंटाळले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तिने ते सवयीने तुकड्यातुकड्यांनी फोडून पाहिलं आणि म्हणाली, "नाव हत्तीएवढं आणि अर्थ मुंगीएवढा. गिळता येत नाही, एवढंच ना?" बोलणं चालू होतं, जरा ओलसर, शब्द पाण्यातून काढून काठावर ठेवावा तसं. पण घास म्हणू नका, घोट म्हणू नका, थेंबसुद्धा नीट वाटेने खाली उतरत नव्हता. अन्नाच्या वाटेला लागलेलं श्वासाच्या वाटेला वळायचं. म्हणून नाकातून नळी घातली होती आणि तिच्यातून पांढरं, बेचव असं काहीतरी पोटात सोडत. अंगात जरा जोर आला की नळी सरळ पोटालाच बसवायची आणि घरी जायचं, असं ठरलं होतं. "घरी गेलात की बरीच वर्षं काढाल," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त तोंडाला कुलूप."

ती शब्दकोशाच्या कचेरीत होती. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, पुस्तकांच्या दोन भिंतींच्या मध्ये. एकेका शब्दाचा जन्म कुठला, वळण कुठलं, कुणाच्या तोंडून कुठे जाऊन तो कसा बदलला, हे शोधायचं आणि लिहायचं. अर्धा अर्थ सांगणं तिला जमत नसे. बाईंना वेळ विचारावी तर त्या घड्याळ कुणी केलं तिथपासून सुरुवात करतील, अशी तिची थट्टा चाले. पण तिने लिहिलेला अर्थ पुन्हा तपासायला कुणी घेत नसे.

तो त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, कॅन्टीनमध्ये. आचाऱ्याचा एक नेम असतो, शेवटच्या माणसाचं ताट उठल्याशिवाय आपलं ताट वाढायचं नाही. आणि शेवटचं माणूस रोज हीच असायची. एखाद्या शब्दाच्या मागे लागली की तिला जेवणाची आठवण राहत नसे. सगळे जेवून, हात धुवून, बडीशेप चघळत वर गेले की ती चष्मा केसांत खोचून खाली येई. तोवर भात निवलेला, भाजी तळाला गेलेली आणि हा उपाशी. पहिल्या वर्षी त्याने मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी भात झाकून ठेवायला लागला. तिसऱ्या वर्षी तिच्या समोरच्या बाकावर स्वतःचं ताट घेऊन बसला, म्हणाला, "बाई, तुमचं होईपर्यंत थांबलो तर माझी संध्याकाळ होते. चालेल का?"

"चालेल," ती म्हणाली. "पण जेवताना बोलायचं. मला शब्द लागतात."

लग्न झालं तेव्हा दोघांचेही केस पिकायला लागले होते. "कोशातली ताई आणि कढईतले दाजी," असं तिचा धाकटा भाऊ म्हणे. तो वायरमन, तोंडाने फटकळ. बाहेर नवरा तिला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायचा, घरात 'तू'. ती मात्र त्याला घरीदारी आचारीच म्हणे. कधी लहर आली तर ओट्याशी उभी राहून त्याच्यावर जातं ओढल्याच्या चालीत दोन ओळी रचायची:

चुलीपाशी राजा माझा, घामाने न्हाला न्हाला
चव बघता बघता, अर्धा भात संपविला

असा खाणारा माणूस. आणि त्याच्या हातावर घड्याळ लोंबकळत होतं.

रिकामा पेला घेऊन तो परत आला तेव्हा तिने सरळच विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला हजार वर्षांपूर्वीचे शब्द सापडतात आचारी, तुझे घास सापडणार नाहीत होय? कधीपासून जेवत नाहीस?"

तो स्टुलावर बसला. "चहा घेतो की. बिस्कीट बुडवून."

"बिस्किटाला जेवण म्हणतोस आणि आचारी म्हणवून घेतोस."

त्याने पायाकडची चादर सारखी केली. मग म्हणाला, "उपवास धरलाय." आणि म्हणून झाल्यावर स्वतःच ओशाळला. जन्मात त्याने कधी उपवास केला नव्हता. देवाधर्माचं दोघांनाही फारसं काही नव्हतं. देवाचा विषय निघाला की ती शब्दात शिरायची आणि हा स्वयंपाकघरात.

"कुठल्या देवाचा?"

"देवबिव नाही. तुझा."

ती हसली आणि हसता हसता नळी हलली. पलीकडच्या खाटेशी असलेली सिस्टर लगबगीने आली. "बाई, हसायचं असेल तर बेतानं हसा हो. आणि तुम्ही काका, यांना काय चुटके सांगता?"

"मी कुठे काय, बाईच आपल्या मनाने हसतात," तो म्हणाला. "बाई, तुम्ही पडून राहा बघू."

"ऐकलंत सिस्टर? तुम्ही आलात की मी 'तुम्ही' होते," ती म्हणाली. "तुमची पाठ वळली की परत 'तू'. अशी माझी दिवसातून किती वेळा बढती होते."

सिस्टर नळीची चिकटपट्टी दाबून गेली. खोलीत दुपारचं ऊन होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गळ्याशी शर्टाची कॉलर उभी राहिली होती, आत मान सैल.

"उपवास म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?"

"न जेवणं."

"ते मागाहून आलं. शब्दात जेवणाचं नावही नाही. उप म्हणजे जवळ. वास म्हणजे राहणं, मुक्काम करणं. उपवास म्हणजे जवळ राहणं. त्यात भूक नाही, ताट नाही, वाटी नाही."

त्याने ते तोंडात घोळवलं, चव घ्यावी तसं. "जवळ राहणं."

"तू सकाळ-संध्याकाळ या स्टुलावर येऊन बसतोस ना, तो झाला उपवास. खरा, मुळातला. तो तू करतोच आहेस. आता खाली जा आणि भात खा."

इथे तिने थांबायला हवं होतं. तो उठलाही होता. दाराशी जाऊन मागे वळला आणि त्याने साध्या कुतूहलाने विचारलं, "मग त्यात उपाशी राहणं शिरलं कुठून?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. पण कुणी शब्दाचं विचारलं की तिच्या डोळ्यांत दिवा लागे, आणि त्या आजारपणात तो लागलेला त्यानेही बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तो परत येऊन बसला.

"फार जुनी गोष्ट आहे," ती म्हणाली. "उद्या कुणाकडे यज्ञ आहे, आपल्याला तिथे वाढणार आहेत, हे देवांना आधीच कळायचं म्हणे. मग ते आदल्या दिवशीच त्या घरी मुक्कामाला यायचे. यजमानाच्या जवळ राहायचे. म्हणून तो जवळ राहण्याचा दिवस. आता बघ, पाहुणे घरात आले आहेत. त्यांचं ताट उद्याचं. मग यजमानाने आज त्यांच्यादेखत जेवून घेणं बरं दिसतं का?"

"नाही दिसत."

"म्हणून तो जेवत नसे. शिक्षा नाही, नवस नाही, जिवाचे हाल करणं नाही. पाहुणा जेवला नाही तर मी कसा जेवू, एवढी साधी लाज. पुढे लोक पाहुण्याला विसरले, भूक तेवढी धरून बसले."

ती दमली. उशीवर मान टेकून डोळे मिटून पडली, समाधानाने, एखादा शब्द पुरता लिहून झाल्यावर पडे तशी. त्याने उशाची पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "झालं तर मग."

"काय झालं?"

"तू जेव. मग मी जेवतो."

तिने डोळे उघडले. आपण त्याच्या हातात काय दिलं ते तिला तेव्हा दिसलं.

पुढचे दिवस तिने सगळे उपाय केले. रागावून पाहिलं. बोलणं टाकून पाहिलं, पण एवीतेवी थोडंच बोलता येत होतं, त्यात अबोला कुणाला कळणार. शेवटी भावाला सांगितलं. भावाने दाजींना व्हरांड्यात गाठलं, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"दाजी, तुम्ही उपाशी राहून ताईच्या पोटात काही जातं का? बटण तुमच्या घरात दाबायचं आणि दिवा हिच्या घरात लागेल म्हणून बघत बसायचं, असं वायरिंग मी अजून पाहिलेलं नाही."

"जात नाही तिच्या पोटात. कळतं मला."

"मग?"

"माझ्याही पोटात जात नाही रे." त्याचा आवाज खाली आला, पण तिने कान दिला होता. "ताट वाढून घेतो. खोटं नाही सांगत, रोज घेतो. घास उचलला की ती पाटी दिसते. इतकी वर्षं ती समोर जेवली की मी जेवलो. हाताला तेवढंच येतं. हात वरच जात नाही."

म्हणजे हट्ट नव्हता तो, किंवा नुसता हट्ट नव्हता. हट्ट असता तर तिने मोडला असता. तिने त्याचे कितीतरी हट्ट मोडले होते.

मग एक दिवस सकाळची वेळ टळली आणि तो आलाच नाही. दुपारी भाऊ आला. आल्या आल्या पंख्याकडे बघत म्हणाला, "हा पंखा कुणी बसवलाय, गरगरतो कसा बघ." त्याला काहीतरी सांगायचं असलं की तो आधी पंख्याला नावं ठेवायचा.

"सांग," ती म्हणाली.

"काही नाही ग. दाजींना जरा चक्कर आली. साखर उतरवायची गोळी रोजची घेतात आणि पोटात काही नाही, मग दुसरं काय होणार? चुलीपाशीच कोसळले. दंड पातेल्याला लागला. भाजलंय, पण फार नाही. पट्टी बांधलीय. उद्या येतील."

"फार नाही म्हणजे किती?"

त्याने स्वतःच्या दंडावर बोटाने दाखवलं. खांद्यापासून सुरू केलं आणि कोपराच्या जरा अलीकडे थांबला. "नशीब म्हण," तो म्हणाला, "रस्सा अंगावर आला नाही. पातेलं पूर्ण भरलेलं होतं."

भाऊ गेल्यावर ती पडून राहिली. व्हरांड्यातून चाकाच्या खुर्च्या जात होत्या, कुणाचा तरी रेडिओ पुटपुटत होता. पुन्हा चक्कर येईल. पुन्हा पातेलं असेल. किंवा रस्ता असेल, जिना असेल. ती त्याला वाक्यातल्या शब्दासारखं डोळ्यांसमोर एकेका ठिकाणी ठेवून बघत होती आणि प्रत्येक ठिकाणी तो पडत होता.

संध्याकाळी सिस्टर नळी धुवायला आली तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "सिस्टर, तोंडातून एखादा चमचा गेला तर काय होतं हो?"

"मनातसुद्धा आणू नका. छातीत उतरेल. आणि बाई, तुम्हाला ठसकाही लागायचा नाही. तुमच्या घशाला आता कळतच नाही ना काही. ठसका लागणाऱ्यांचं आम्हाला कळतं तरी. तुमच्यासारख्यांचं बाहेरून काही दिसत नाही, तीच मोठी भीती."

"बाहेरून काही दिसत नाही," ती म्हणाली.

"अजिबात नाही. ताप चढेल तेव्हाच कळायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला. दंडावर जाड पट्टी, चेहरा धुतल्या कापडासारखा. येऊन स्टुलावर बसला आणि हसला. तो येण्याआधी तिने एक काम करून ठेवलं होतं. मोकळ्या हाताने उशाची पाटी उलटी फिरवून ठेवली होती, कोरी बाजू पुढे.

"पाटी कोरी कशी?" त्याने विचारलं.

"डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली. "घशाची तपासणी चांगली आली. पातळ, गाळलेलं, थोडंसं चालेल म्हणाले."

सिस्टरला विचारावं, डॉक्टरांना गाठावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. तिने सांगितलेलं कुणी तपासत नसे. आणि तो तर तिचा नवरा. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "काय खाशील?" त्याने विचारलं, आणि हा प्रश्न विचारताना त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं.

"सूप आण. आणि ऐक आचारी, दोन डबे आण. पाहुणा जेवणार म्हणजे यजमानाचंही ताट हवं. भरलेलं."

तो धावतच गेला. कॅन्टीनमध्ये त्याने कुणाला काही सांगितलं नाही, आपली छोटी चूल पेटवली. गाजर, बटाटा, थोडा कांदा. शिजवून, घोटून, मलमलीतून गाळलं. मग मलमल धुवून पुन्हा गाळलं. एक कण राहिला तर तिच्या घशाला टोचेल म्हणून. त्या एवढ्याशा सुपाला त्याने सबंध पंगतीची मेहनत घेतली. दुसऱ्या डब्यात भात भरला, वर बटाट्याची भाजी, कडेला पावाचा तुकडा. आणि त्याला जाणवलं की आपल्याला भूक लागलीय. तोंडाला पाणी सुटलंय. इतक्या दिवसांनी.

दुपारी सिस्टरांची पाळी बदलायच्या वेळेला दोघंच जागे होते, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. त्याने तिच्या मानेखाली दोन उशा दिल्या, गळ्याशी रुमाल लावला, चमचा भरला, ओठाला लावून गरम आहे का पाहिलं.

"आता चमच्यालाही उपवास घडवशील," ती म्हणाली. "दे."

पहिला चमचा तिने जिभेवर धरून ठेवला. कितीतरी दिवसांनी तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. गाजराचा गोडवा आला, मागून कांदा, आणि सगळ्यांच्या खाली मीठ, अगदी बरोबर. तिने डोळे मिटले. हे मात्र खोटं नव्हतं. मग तिने ते गिळलं. ठसका लागला नाही. छातीत कुठेतरी एक गार-ऊन रेघ उतरत गेली. तिला ती कळली किंवा कळल्याचा भास झाला. चेहऱ्यावर तिने काही येऊ दिलं नाही.

"कसं झालंय?"

ती ओलसर आवाजात हळू म्हणाली:

आचाऱ्याच्या हाताला ग, चव कुठून ही आली
मिठाआधी माया त्यानं, पातेल्यात घातली

त्याच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती दंडाच्या पट्टीला पुसली.

"आता तू," ती म्हणाली.

"अजून एक घे."

तिने घेतला. मग आणखी एक. मग हाताने पुरे अशी खूण केली आणि त्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्याने डबा उघडला. पहिला घास उचलताना हात किंचित अडला, त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओठांवर अजून सुपाचा ओलावा होता. हात वर गेला. मग दुसरा घास, तिसरा. मान खाली घालून, गालफडं भरून, पावाने डब्याच्या कडा पुसत तो जेवला. मध्ये एकदा भरल्या तोंडाने म्हणाला, "भाजीला मीठ कमी पडलंय," आणि दोघं हसले. त्याच्या तोंडावर रंग चढताना ती बघत होती. आपल्या माणसाला पोटभर जेवताना बघणं, एवढं एकच काम जगात शिल्लक असावं तशी ती बघत होती.

तो गेल्यावर तिने पाटी पुन्हा सुलटी केली.

सकाळी तिला हुडहुडी भरली. दुपारपर्यंत ताप चढला. श्वास घेताना आत पाणी उकळल्यासारखा आवाज येऊ लागला. तोंडावर प्राणवायूचा मास्क बसला. डॉक्टर आले, छाती ऐकली आणि सिस्टरकडे वळले. सिस्टर त्याच्याकडे वळली.

"काका, यांना तोंडातून काही दिलं होतं का?"

"सूप," तो म्हणाला. "तीन चमचे. गाळून. तुम्हीच परवानगी दिली ना काल? तपासणी चांगली..." तो बोलता बोलता थांबला. सिस्टरच्या तोंडाकडे बघितल्यावर पुढचं बोलायचं राहिलंच नाही. उशाशी पाटी होती, अक्षरांची बाजू पुढे.

डॉक्टरांनी त्याला दोष दिला नाही. "प्रयत्न करतो," एवढंच म्हणाले आणि सुया, बाटल्या आणवल्या. ते सगळे गेले तेव्हा तो खाटेशी उभाच होता.

"खोटं बोललीस," तो म्हणाला.

तिने मान हलवली. हो.

"का?"

तिने मास्क बोटाने जरा उचलला. एका श्वासात दोनतीन शब्द मावत होते. "जेवलास ना."

"मी मागितलं होतं का असलं जेवण?"

"मागितलंस की." तिच्या आवाजात आरोप नव्हता. अर्थ सांगताना असे तसाच आवाज होता, सरळ, पुरता. "तू जेव... मग मी जेवतो. म्हणालास."

"ते मी आपलं बोललो ग. बोलतो माणूस."

"मला कुठे... कळतं आपलं बोललेलं," ती म्हणाली आणि मास्कच्या आत हसली.

तो खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवरच. त्याला आठवत होतं भाजी किती चांगली लागली होती ते. पाव कसा मऊ होता. मीठ कमी पडलंय म्हणून तो हसला होता. त्या वेळी तिच्या छातीत त्याच्या हातचं सूप उतरत होतं, दोनदा गाळलेलं. मायेने उपाशी राहिलो असं तो समजत होता. त्या मायेने तिच्या तोंडाशी चमचा नेला होता. पातेल्याला दंड लागला तेव्हा तो ओरडला नव्हता. आता त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

तिचा हात खाटेवरून खाली आला, चाचपडत त्याच्या डोक्याशी पोचला. "इथेच राहा," ती म्हणाली. "जवळ."

तो राहिला. औषधं झाली, बाटल्या बदलल्या, सिस्टरांच्या पाळ्या बदलल्या. चहाचा पेला कुणी हातात दिला की तो पिऊन टाकायचा, बिस्कीट दिलं की खायचा, तिच्यासमोर, तिला दिसेल असं. तिला दिसतंय का, हे शेवटी शेवटी कळत नव्हतं. एका सकाळी, खिडकीशी ऊन यायच्या सुमाराला, छातीतलं पाणी उकळायचं थांबलं. त्याला वाटलं, आराम पडला.

स्मशानातलं सगळं उरकून लोक पांगले तेव्हा दोन खोल्यांच्या घरात मेव्हणा आणि तो असे दोघेच राहिले. कचेरीतली माणसं येऊन गेली होती. दाराशी चपला काढून, थोडा वेळ उभी राहून, काय बोलावं न सुचून गेली होती. मेव्हणा स्वयंपाकघरात शिरला. त्याला तारा जोडता येत होत्या, भात येत नव्हता. बराच वेळ भांडी वाजली, एकदा काहीतरी करपल्याचा वास आला. मग तो दोन ताटं घेऊन बाहेर आला. भात, उकडलेले बटाटे, वर मीठ. एक ताट त्याने दाजींपुढे ठेवलं, दुसरं स्वतःपुढे घेऊन जमिनीवर बसला.

"दाजी, चला. दोन घास."

तो ताटाकडे बघत होता, बघत नव्हता.

"सकाळपासून पाण्याचा घोट नाही. गोळी घेतली असेल ना? मग?"

त्याने ताट बोटभर मागे सारलं.

मेव्हण्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. फटकळ माणूस, पण आवाज मऊ झाला होता. "हे बघा दाजी. तुम्ही जेवल्याशिवाय मी पण जेवणार नाही. सांगून ठेवतो."

घराघरात रोज म्हटलं जाणारं वाक्य होतं ते. रुसलेल्या पोराला म्हणतात, आजारी आईला म्हणतात. पण ते कानावर पडलं आणि आचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मेव्हण्याचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की मेव्हणा दचकला.

"काय म्हणालास?"

"काय म्हणालो? जेवा म्हणालो."

"तसं नाही म्हणालास." त्याने पकड सोडली नाही. "परत असं म्हणू नकोस. मला नको, बायकोला नको, पोरांना नको. कुणालाच नको. ऐकतोयस ना?"

"बरं, नाही म्हणत," मेव्हणा म्हणाला. त्याला काही उमजलं नव्हतं. "नाही म्हणत, हात तर सोडा."

आचाऱ्याने हात सोडला आणि त्याच हाताने भात उचलला. भात वरून गिच्च आणि आत कच्चा होता. तो त्याने तोंडात घातला, चावला, गिळला. घशाखाली उतरताना तो घास नीट वाटेने उतरला, काही न होता, आणि त्या साध्या उतरण्यानेच त्याचा ऊर फुटायची वेळ आली. पण त्याने दुसरा घास घेतला. मेव्हण्याकडे बघून, जेव, अशी मान हलवली. मेव्हणा जेवू लागला.

थोड्या वेळाने मेव्हणा हलकं वाटून म्हणाला, "बघा, भूक होतीच तुम्हाला."

"हो," तो म्हणाला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडत होतं. ते पुसायला त्याने हात थांबवला नाही. हात थांबला तर समोरचा हात थांबेल, एवढंच त्याला कळत होतं. "वाढ अजून थोडा," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.